जुनी चादर, पाच काठ्या आणि साडेसात मीटर दोरी

माझा पहिला रोमन ब्लाइंड खिडकीत लागला तेव्हा भाऊ थोडा वेळ मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, घर तिरकं आहे की पडदा?" पडदाच तिरका होता. खाली सोडला की डाव्या बाजूने चौकटीला घासायचा, उजवीकडून दोन बोटं ऊन आत यायचं आणि वर ओढला की घड्या हातपंख्यासारख्या एका अंगाला फाकायच्या. कापड चांगलं होतं, शिलाईही सरळ होती. चूक एवढीच, की चादर मी तिच्यावरच्या पट्ट्यांच्या रेषेवर कापली होती. त्या पट्ट्या विणलेल्या नव्हत्या, वरून छापलेल्या होत्या आणि छपाई कापडाच्या धाग्याला तिरकी होती. चादर पुरती वाया गेली, तिच्या उशांच्या खोळी झाल्या.

त्यानंतर तीन ब्लाइंड शिवले. तिन्ही सरळ लटकतात. मी काही शिवणकामात तरबेज नाही. माझं मशीन सरळ टाक्यापलीकडे काही जाणत नाही आणि तेवढं पुरतं. दुपारी तीनपासून संध्याकाळपर्यंत पश्चिमेचं ऊन थेट माझ्या कामाच्या टेबलावर येतं, त्यामुळे पडदा हवाच होता. तयार करून घेण्याचा भाव ऐकल्यावर कपाटातल्या जुन्या चादरी आठवल्या.

रोमन ब्लाइंड म्हणजे खाली सोडला की सपाट राहणारा आणि दोरी ओढली की आडव्या घड्या घालत वर जाणारा पडदा. नेहमीच्या पडद्याला चुणीसाठी खिडकीच्या दुप्पट, कधी अडीचपट रुंदीचं कापड लागतं. इथे खिडकीएवढंच लागतं. काटकसर इथूनच सुरू होते.

आता माप. खिडकीची चौकट काटकोनात असेल असं समजू नका. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्या. माझ्या खिडकीची मापं वर ८६.४, मध्ये ८६ आणि खाली ८५.५ सेंमी आली. पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सगळ्यांत लहान माप धरा आणि त्यातून एक सेंमी कमी करा. म्हणून माझ्या पडद्याची तयार रुंदी ८४.५. उंचीही तीन ठिकाणी घ्या. माझी सगळ्यांत कमी १२६ आली, म्हणून पडदा १२५ चा. टेप स्टीलचा वापरा. शिवणाच्या डब्यातला कापडी टेप वर्षानुवर्षं ताणला जातो. माझा एका मीटरला चार मिलिमीटर खोटं बोलतो, हे मला फार उशिरा कळलं.

खिडकी आतल्या बाजूला उघडत असेल, किंवा कडीचा दांडा बाहेर येत असेल, तर चौकटीच्या आत बसवण्याच्या भानगडीत पडू नका. मग पडदा जिला लटकतो ती लाकडी पट्टी चौकटीच्या वर, भिंतीवर लावायची आणि पडदा दोन्ही बाजूंना किमान पाच-पाच सेंमी जास्त रुंद करायचा. खरं तर पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हेच सुचवेन. चौकटीबाहेरच्या पडद्यात सेंमी-अर्ध्या सेंमीची चूक कुणाला दिसत नाही. आतल्या पडद्यात ती रोज दुपारी उन्हाची रेघ होऊन समोर येते.

कापडाबद्दल माझं मत साधं आहे. मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं सुती कापड घ्या. जुनी चादर, टेबलक्लॉथ, जाड सुती पडदा, काहीही चालेल. ताणलं जाणारं, निसरडं किंवा जाळीदार कापड नको. जुनं कापड आधी उजेडाकडे धरून बघा. चादर मधोमध विरलेली असते, कडेला शाबूत असते, तेव्हा तुकडा कडेचा घ्या. जुना पडदा वापरणार असाल तर तो दोन्ही अंगठ्यांत धरून जोरात ताणा, विशेषतः जिथे वर्षानुवर्षं ऊन लागलं असेल तिथे. उन्हाने धागा आतून कुजतो. वरून धडधाकट दिसणारं कापड कागदासारखं टर्रकन फाटतं. ते शिवायच्या आधीच फाटलेलं बरं.

कापड खिडकीत धरून पाहिल्याशिवाय पक्कं करू नका, तेही भर उजेडात. मागून प्रकाश आला की कापड वेगळंच दिसू लागतं. फुलांचा नक्षीदार तुकडा हातात छान दिसतो आणि खिडकीत नुसते डाग दिसतात. फिकट कापडात कडेची दुमड गडद पट्टी होऊन दिसते. ती सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर मुद्दाम केल्यासारखी वाटते, कमीजास्त झाली तर लगेच नजरेत भरते. रात्रीसाठी एक वेगळी चाचणी आहे. खोलीत दिवा लावा, कापड खिडकीत धरायला कुणाला तरी उभं करा आणि बाहेर जाऊन बघा. उभ्या माणसाची बोटं मोजता आली तर अस्तर हवंच.

खरं तर अस्तर तसंही लावाच. ते पुढच्या कापडाला उन्हापासून वाचवतं, आणि पांढरं किंवा फिकट असेल तर थोडं ऊन परतही पाठवतं. माझं अस्तर दुसऱ्या एका पांढऱ्या चादरीचं आहे. खोली पूर्ण अंधारी हवी असेल तर ब्लॅकआउट अस्तर विकत घ्यावं लागतं.

दोन्ही कापडं आधी गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि दाबून इस्त्री करा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पुढचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं, तर शिवून झाल्यावर पडद्याला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

ज्या ठिकाणी माझा पहिला पडदा मेला, तिथे आता जरा थांबते. कापड सरळ कापायचं म्हणजे त्याच्या धाग्यावर कापायचं. काठाला एक छोटी चीर द्या, आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढा. कापड त्या रेषेत गोळा होत जातं. धागा तुटला तर जिथे तुटला तिथून पुन्हा उचला. पूर्ण निघाला की कापडात केसाएवढी मोकळी रेघ उरते, उजेडात धरली तर स्पष्ट दिसते. तिच्यावरून कात्री चालवा. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि डोळे दुखतात, पण ही एक कड खरी झाली की बाकीच्या तीन तिच्यावरून आखता येतात. कोपऱ्यातून एका कडेवर ६० सेंमी आणि दुसऱ्या कडेवर ८० सेंमी खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० आलं तर काटकोन खरा. सुताराचा मोठा गुण्या असेल तर उत्तमच.

माझ्या मापाला पुढचं कापड ९२.५ बाय १३३ सेंमी कापलं. दोन्ही बाजूंना ४ सेंमी दुमड, वर ३ सेंमी, आणि खाली ५, ज्यात १ सेंमी आत जातो आणि ४ सेंमीची नळी उरते. त्या नळीत वजनाची चपटी पट्टी जाते. दुमडी घालून इस्त्री केली की, शिवायच्या आधीच, दोन्ही कर्ण मोजा. ८४.५ बाय १२५ च्या आयताचा कर्ण १५०.९ येतो. माझे दोन्ही १५०.९ आणि १५१.१ आले. दोन मिलिमीटर मी सोडून दिले. फरक अर्ध्या सेंमीहून जास्त असेल तर दुमड उकलून पुन्हा घाला, कंटाळा करू नका.

पुढे घड्यांचं गणित. घड्यांसाठी पडद्याच्या मागे आडव्या काठ्या बसवतात, त्यांच्यामधलं अंतर साधारण २० ते ३० सेंमी ठेवतात. घडी पडली की त्याच्या निम्मी खोली खाली लोंबते. सगळ्यांत खालचा भाग त्या निम्म्याहून दोन सेंमी जास्त ठेवायचा, म्हणजे पडदा वर गेल्यावर घड्यांच्या खाली त्याचा काठ दिसतो आणि नीटनेटकं वाटतं. सगळ्यांत वरचा भागही थोडा मोठा ठेवायचा, कारण घड्या एकावर एक आल्या की त्यांना जाडी येते. माझ्या १२५ सेंमीची वाटणी अशी झाली: खाली १३, मध्ये २२ चे चार भाग, वर २४. म्हणजे काठ्या पाच.

काठ्या अस्तरात बसवायच्या, पुढच्या कापडात नाही. अस्तर तयार पडद्याच्या रुंदीएवढं, ८४.५ चं कापा आणि दोन्ही बाजूंना २-२ सेंमी दुमडा. ते ८०.५ चं होतं आणि पडद्याच्या कडेपासून दोन-दोन सेंमी आत बसतं. लांबी मात्र १२५ नाही, १४० हवी, कारण प्रत्येक काठीची नळी ३ सेंमी कापड खाते. उलट्या बाजूला खडूने आडव्या रेषा मारा, खालच्या कडेपासून: १३ आणि १६, ३८ आणि ४१, ६३ आणि ६६, ८८ आणि ९१, ११३ आणि ११६. प्रत्येक जोडीतल्या दोन रेषा एकमेकींवर आणा, टाचण्या लावा आणि त्या रेषेवर शिवा. दीड सेंमीची नळी तयार होते आणि ६ मिमी जाडीची लाकडी गोल काठी तिच्यात सहज सरकते. मी दुसऱ्या पडद्याच्या वेळी ३ सेंमी मोजायला विसरले आणि अस्तर १५ सेंमी आखूड पडलं. वर जोड लावला, तो अजून उन्हात दिसतो.

अस्तर पुढच्या कापडावर पसरायचं ते जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर, नळ्या वरच्या बाजूला. मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा, पण ताणू नका. अस्तर ताणलेलं राहिलं की पडद्याच्या कडा खिडकीकडे वळतात आणि नंतर काही उपाय चालत नाही. कणभर सैल असेल तर चालतं. बाजू हाताने तुरपा, म्हणजे पुढून टाके दिसणार नाहीत. नळ्यांच्या रेषेवर पुढच्या कापडाला दर दहा-बारा सेंमीवर एक घट्ट हातटाका पुरतो. मशीनने आडवी शिलाई मारली तरी चालेल, फक्त ती पुढे दिसेल, तेव्हा धागा कापडाच्या रंगाचा हवा. धागा पॉलिएस्टरचा घ्या. सुती धागा उन्हात लवकर जीव सोडतो. खालची नळी शिवताना अस्तराची कड तिच्यात घ्या आणि जास्तीचं कापून टाका.

काठ्या ७९.५ सेंमीच्या कापल्या. नळीचं एक तोंड पक्कं शिवायचं, दुसरं दोन सैल टाक्यांनी. धुवायच्या वेळी ते उसवायचं असतं. खालच्या नळीत अडीच-तीन सेंमी रुंदीची चपटी लाकडी किंवा अल्युमिनियमची पट्टी घाला. तिच्या वजनाशिवाय पडदा लोंबत नाही, नुसता तरंगतो.

प्रत्येक नळीवर तीन प्लास्टिकच्या रिंगा शिवायच्या: दोन्ही कडांपासून ५ सेंमी आत आणि एक बरोबर मध्ये. एकूण पंधरा. या पंधरा रिंगांवर संपूर्ण पडद्याचं ओझं येतं, म्हणून टाका नळीच्या दोन्ही थरांतून घ्या, सहा-सात वेळा. रिंगा उभ्या रेषेत तंतोतंत हव्यात. एकीकडे सरकली की दोरी तिरकी ओढते आणि पडदा पुन्हा माझ्या भावाच्या तोंडी जातो.

वरची लाकडी पट्टी साधारण अडीच बाय चार सेंमीची आणि ८४ सेंमी लांब. इथे काटकसर नको. वाकडी, गाठीची पट्टी घेतलीत तर वर केलेली सगळी मेहनत फुकट. पट्टीच्या समोरच्या बाजूला व्हेल्क्रोची काटेरी पट्टी स्टेपल गनने ठोका, आणि पडद्याच्या वरच्या दुमडीवर मऊ पट्टी शिवा. पडदा थेट पट्टीला ठोकणारेही आहेत, पण मग तो धुवायचा कसा? पट्टीच्या खालच्या बाजूला, रिंगांच्या तीन रांगांच्या बरोबर वर, तीन आय-हुक फिरवून बसवा. एका टोकाला पेच आणि दुसऱ्या टोकाला बंद गोल कडी, असा तो हुक. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते. दोरी ज्या बाजूने ओढायची त्या टोकाला आणखी एक. मग पट्टी पाणसळ लावून चौकटीच्या वरच्या भागात स्क्रूने बसवा. भिंतीवर लावायची असेल तर गिट्टी ठोकून एल-ब्रॅकेट.

दोरी पॉलिएस्टरची, दीड-दोन मिमी जाड. नायलॉन उन्हात लवकर कमकुवत होतं. तीन तुकडे लागतात. प्रत्येकाचं एक टोक सगळ्यांत खालच्या रिंगेला बांधा, त्याच रांगेतल्या रिंगांमधून वर न्या, वरच्या हुकातून काढा आणि मग ओढायच्या बाजूकडे आडवं नेऊन तिकडच्या सगळ्या हुकांतून ओवत शेवटच्यातून खाली सोडा. ओढायला ९० सेंमी धरून माझे तुकडे २०७, २४४ आणि २८२ सेंमीचे झाले. मिळून साडेसात मीटरच्या आत, गाठींसाठी थोडी जास्त घ्या. पडदा पूर्ण खाली सोडून तिन्ही दोऱ्या सारख्या ताणात आल्या की शेवटच्या हुकाच्या जरा खाली एकत्र गाठ मारा. रिंगेजवळच्या गाठींवर डिंकाचा एक थेंब टाका, त्या सुटायला टपलेल्या असतात.

दोरी अडकवायला भिंतीत दोन शिंगांची खुंटी हवी. तिच्याभोवती दोरी इंग्रजी आठाचा आकडा काढावा तशी गुंडाळायची. मराठी आठ काढलात तर पडदा धाडकन खाली.

ही खुंटी जमिनीपासून किमान १५० सेंमी उंच लावा, आणि पडदा खाली असतानाही उरलेली दोरी तिच्यावर गुंडाळून ठेवा. हे शोभेसाठी नाही. लहान मुलांच्या गळ्याला या दोऱ्यांचा फास बसतो. नुसत्या लोंबत्या दोरीचाच नाही, पडद्याच्या मागे दोन रिंगांमधली उघडी दोरी बाहेर ओढली गेली तरी तिचाही फास होतो. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ५ कोटी रोमन आणि रोल-अप ब्लाइंड याच कारणाने दुरुस्तीसाठी परत बोलावले गेले होते. घरात लहान मूल असेल किंवा येत-जात असेल, तर माझं स्पष्ट म्हणणं आहे की दोरीचा ब्लाइंड करूच नका.

त्याऐवजी बांधायचा पडदा करा. माझ्या भाचीच्या खोलीत तोच आहे. कापड आणि अस्तराच्या सुलट बाजू एकमेकींकडे ठेवून तीन बाजूंनी शिवायचं, उलथून घ्यायचं, वर स्प्रिंगच्या रॉडसाठी नळी आणि खाली एक गोल काठी. हा रॉड चौकटीच्या आत दाबून बसतो, ड्रिल लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरातही चालतो. पडदा खालून हाताने गुंडाळायचा आणि हव्या त्या उंचीवर दोन कापडी पट्ट्यांनी बांधायचा. बांधून उरलेली टोकं लांब लोंबू देऊ नका. पट्ट्यांना गाठीऐवजी चटकन सुटणारं बटण लावलं तर आणखी चांगलं. रोज वरखाली करायला हा वैताग आहे. दिवसभर एकाच उंचीवर राहणार असेल तर यासारखं सोपं काही नाही.

जुना व्हेनिशियन ब्लाइंड, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा पडदा, घरात पडला असेल तर त्याचा रोमन करण्याची युक्तीही चालते. पट्ट्यांना धरून ठेवणारी शिडीसारखी दोरी कापायची, उचलायची दोरी शाबूत ठेवायची, जास्तीच्या पट्ट्या काढून टाकायच्या आणि उरलेल्या ठरलेल्या अंतरावर कापडाला फॅब्रिक ग्लूने चिकटवायच्या. दोरीला ग्लू लागता कामा नये. एका संध्याकाळी होतं. मला ते फारसं आवडलं नाही. उन्हात ग्लू सुटतो, आणि पडदा धुता येत नाही. शिवाय प्लास्टिकचा ब्लाइंड १९९६ च्या आधीचा असेल तर हात लावू नका. त्या काळच्या अनेक ब्लाइंडांत शिसं होतं, आणि उन्हाने प्लास्टिक झिजलं की ते धूळ होऊन पट्ट्यांवर बसतं.

पडदा पहिल्यांदा वर ओढाल तेव्हा घड्या वेड्यावाकड्या पडतील. घाबरू नका. पूर्ण वर घ्या, प्रत्येक घडी हाताने पुढे काढून सरळ करा, दोन-तीन ठिकाणी मऊ कापडाच्या चिंध्यांनी सैल बांधा आणि तीन-चार दिवस तसाच ठेवा. कापडाला सवय लागते.

धुवायची वेळ आली की व्हेल्क्रोवरून पडदा सोडवा, दोऱ्या रिंगांमधून काढा आणि नळ्यांची सैल तोंडं उसवून काठ्या ओढून घ्या. काढतानाच प्रत्येक काठीवर पेन्सिलने नंबर टाका. हाताने कापलेल्या पाच काठ्या कधीच एका मापाच्या नसतात. माझी चौथ्या नंबरची दुसरीच्या नळीत जात नाही.